पुठ्ठ्याची जीन

सासरी आले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, की या घरात एक रेल्वे स्टेशन आहे. ओसरीवर भलंमोठं टेबल, टेबलावर रूळ, रुळांवर चावीची आगगाडी, आणि टेबलाला खेटून खुर्चीत बसलेले माझे सासरे. रिटायर झालेले स्टेशन मास्तर. नोकरी सुटली तरी काळा कोट सुटला नव्हता. भर वैशाखातसुद्धा अंगात. मी हातभर हिरवा चुडा घालून पाया पडायला वाकले, तर आशीर्वादाच्या आधी म्हणाले, "पदर सावर सूनबाई, सिग्नल पाडशील." मला हसू फुटलं. घरात एक तरी माणूस गमतीचा आहे, असं वाटून जिवाला बरं वाटलं. हाच माणूस मला अडकवून ठेवणार आहे, हे तेव्हा काय माहीत!

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. सासर खामगावचं, माहेर दुसरबीडचं. माहेरी आमचा भाजीपाल्याचा मळा, आणि मळ्यातली वांगी-टमाटी विकायला रस्त्याच्या कडेला आमचंच दुकान. मी मेहकरला मामाकडं राहून मॅट्रिक झाले होते. आमच्या तिकडची बोली मराठवाड्याकडं झुकलेली, 'मला-तुला'ची. इथं सगळं 'मले-तुले'. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "पुण्यावाणी बोलते वं आमची सून!" पुण्याच्या माणसानं मला ऐकलं असतं तर तो पोट धरून हसला असता, पण सासूबाईंना कोण सांगणार?

मला मास्तरीण व्हायचं होतं. लग्न ठरतानाच वडिलांनी शब्द घेतला होता, की पोरीला बुलढाण्याला ट्रेनिंग कॉलेजात पाठवाल. नवरा एस.टी.त कंडक्टर, दोन दिवसाआड घरी. त्यांना विचारलं की एकच उत्तर, "बाबा म्हणतील तसं." आणि बाबा, म्हणजे मामंजी, पहिल्याच महिन्यात म्हणाले, "जाशील ना. काऊन नाही जाणार? भर फॉर्म." सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण घरात शेवटचा शब्द मामंजींचा. कन्याशाळेच्या मोठ्या बाईंची सही आणून मी फॉर्म भरला, पाकिटाला डिंक लावला आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

फॉर्म पोस्टात पडला त्याच संध्याकाळी मामंजींनी कपाटातून एक जाडजूड पाकीट काढलं. स्वातंत्र्य आलं तेव्हा त्यांचा गोरा साहेब विलायतेला परत गेला, आणि जाताना ही चावीची गाडी, रूळ आणि हे पाकीट त्यांना देऊन गेला होता. पाकिटात छापील पुठ्ठे होते. कारखान्याच्या इमारतींचे. रेघेवर कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं, की इमारत उभी. एक उंच गिरणी, एक लांबलचक गोदाम, बॉयलरघर, पाण्याची टाकी आणि धुराडं. सोबत बारीक इंग्रजीत सूचना. इतकी वर्षं पाकीट बंदच होतं. आधी त्यांना वेळ नव्हता, आणि वेळ आला तेव्हा हात गेले. त्यांचे दोन्ही हात थरथरायचे. चहाची बशी तोंडाशी नेईपर्यंत अर्धा चहा धोतरावर.

"इंग्रजी वाचता येते?" त्यांनी विचारलं.

"येतं थोडं."

"कैची नीट चालते?"

"चालते."

"मंग आपन जीन बांधू. तू जाशील तवा जाशील, जायच्या आधी जीन उभी करून जाय."

जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. खामगावात अशा कितीतरी, गावच कापसाचं. दर वर्षी भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या, की त्यांच्यापुढं घरोघरी आरास मांडतात. कुणी खेळणी मांडतं, कुणी शेत, कुणी बाजार. आमच्याकडं मामंजींची रेल्वे. पण गाडी नुसतीच गोल फिरायची, आणि हळदीकुंकवाला आलेली एखादी म्हातारी हटकून विचारायची, "मास्तर, गाडी भरते कुठं, रिकामी होते कुठं?" हे त्यांना फार लागलं होतं. खामगावची गाडी आणि जीन नाही!

झालं. सकाळचा स्वयंपाक आटोपला, की मी ओसरीवर. मामंजी खुर्चीत, मी पाटावर, मध्ये कात्री, पट्टी आणि मैद्याची खळ. खळीत मोरचूद टाकायचा, नाहीतर झुरळं पुठ्ठा खातात, हे त्यांनीच शिकवलं. विलायती इमारतींवर कौलं छापलेली होती. आमच्या जिनीला पन्हाळीची टिनं हवीत. मी जाड कागद ओला करून माझ्या फणीच्या दातांवर दाबून पन्हाळी पाडल्या. मामंजी खुर्चीतच उडाले. "अरे वा! तुह्या हातात गुन आहे बाई!" गुण कसला, तिथंच माझं नशीब फुटलं. हातात गुण आहे म्हटल्यावर कोण सोडतंय?

सासूबाई आत भांडी आपटायच्या. "सून आनली का सुतार आनला?" मी सुनेचं करून सुताराचं करत होते, तरी सुनेचं कमीच पडायचं. ओसरीचं दार रस्त्यावर सताड उघडं. समोरून शाळेच्या पोरी, बैलगाड्या, टांगे जायचे. मी तिथून दहा हातांवर, आणि मला उंबरा ओलांडायचा तर कारण सांगावं लागायचं. माहेरी भर रस्त्यावर दुकानात बसून वांगी तोलणारी मी! कधीकधी असा राग यायचा, की कात्री पुठ्ठ्याऐवजी भलतीकडंच चालवावी. पण बुलढाणा डोळ्यांपुढं ठेवायची. रोज दुपारी पोस्टमन यायचा, टपाल मामंजींच्या हातात द्यायचा, आणि रोज मी विचारायची, "मामंजी, पत्र आलं का?"

"नाही."

हे खरं असायचं. मामंजी आयुष्यात खोटं बोलले नाहीत. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली, तर वहीत दोनच लिहिणारा माणूस.

ज्येष्ठात जीन उभी झाली. मी एकेक कोपरा नखानं दाबून बसवलेला, भिंतींना लाल रंग, टिनांना चंदेरी, धुराडं सुतासारखं सरळ. मला वाटलं, सुटले. मामंजींनी मान इकडं केली, तिकडं केली, आणि म्हणाले, "ही जीन आहे का मांडवातली नवरी?"

"काय झालं?"

"इतकी कोरी जीन कधी पाह्यली का तू? हिच्यात कोनी काम केल्यासारखं दिसते? वापरलेली दिसली पाह्यजे. कर हिले वापरलेली."

मी रंगात राखाडी मिसळून पुन्हा भिंती रंगवल्या. "आता मढ्यावाणी दिसून राह्यली." पुन्हा लाल. "पुन्हा नवरी." तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी रात्रभर धुमसत होते. मी या माणसाचं काय घोडं मारलं होतं? मला दिसायला लागलं, की ही जीन कधीच पुरी होणार नाही. धुराडं झालं की रंग, रंग झाला की अंगण, अंगण झालं की कुंपण. मी पन्नास वर्षांची होईन आणि इथंच पाटावर बसून कुंपणाचे खांब कापत असेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ठरवून वाईट काम करायला बसले. हातातला गुणच नडतोय ना, मग गुणच नको! मामंजींचा डोळा लागला होता. मी उरलेला थंड चहा, चोथ्यासकट, सरळ जिनीच्या छतावर ओतला. चुलीतली राख मुठीनं भिंतीवर फेकली. चिमणीच्या काचेवरची काजळी बोटानं खरवडली आणि धुराड्याला फासली, वरून खाली, जशी आली तशी. चहाचे तपकिरी ओघळ पन्हाळीतून भिंतीवर उतरले, खिडक्यांच्या खाली साचले. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू. म्हटलं, आता चिडतील, म्हणतील हिच्या हाती काम देण्यात राम नाही, जाऊ दे तिला बुलढाण्याला.

मामंजी जागे झाले. बघतच राहिले. मी खाली मान घालून बसले. वर पाहिलं तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी!

"हात लावू नको," ते म्हणाले. "अजिबात हात लावू नको. अशीच. अशीच असते जीन."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. सासूबाईंनी बाहेर येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आता दोघंही येडे झाले."

पण खरं सांगायचं, तर मी पण जिनीकडं पाहिलं आणि माझाच राग मला ओळखू येईना. रागानं केलेलं ते काम मी जीव लावून केलेल्या कामापेक्षा शंभर पटीनं खरं दिसत होतं. पावसाळे झेललेली भिंत दिसत होती.

मग मामंजींनी मला खरी जीन बघायला पाठवलं. "जाय, पाहून ये, पानी कुठून गयते, गंज कुठं चढते." पिशवी घेऊन मी एकटी बाहेर! पावसाळ्यात जिनी बंद असतात, आत कुणी नाही. मी रस्त्यावर उभी राहून भिंती पाहायची. गंज खिळ्यापासून सुरू होतो आणि खाली निमुळता होत जातो. काजळी धुराड्याच्या तोंडाशी दाट, पण एकाच बाजूनं, जिकडं वारा जातो तिकडं. आणि सगळीकडं, खिडक्यांच्या जाळीत, टिनांच्या खाली, तारांवर, कापसाचा जुना मळकट बुरा चिकटलेला. एकदा चौकीदारानं हटकलं, "काय पाहून राह्यली बाई इतका वेळ?" मी म्हटलं, "गंज." तो दोन पावलं मागं सरकला.

घरी येऊन मी गंजाच्या मागं लागले. गेरूनं होईना, फार लाल. जुन्या डब्याचा गंज विटेच्या तुकड्यानं खरवडून पूड केली, डिंकाच्या पाण्यात कालवली, बारीक काडीनं एकेका खिळ्याखाली ओघळ ओढला. पन्हाळाच्या तोंडाशी मात्र तो रंग जमेना. तिथला गंज काळपट असतो, ओला. लोखंडी तव्यात चिंचेचं पाणी ठेवून पाहिलं, तर काळा रंग असा सुटला, की मी एकटीच टाळी वाजवली. मग वातीचा कापूस पिंजून त्याचा बुरा जाळीवर फुंकला. मामंजी म्हणायचे, "थोडा डाव्या अंगाले." मी म्हणायची, "नाही, वारा उजवीकडचा आहे." ते म्हणायचे, "हाव, बरोबर." आम्ही वाद घालायचो, हसायचो. स्वयंपाकात माझं लक्ष नसायचं. भाजीत दोनदा मीठ पडलं. सासूबाई बोलायच्या, ते मला ऐकू यायचं नाही.

आषाढ गेला. एक दिवस शाळेच्या पोरी नवी पुस्तकं छातीशी धरून समोरून गेल्या, आणि मी बोटांवर दिवस मोजले. बुलढाण्याचं कॉलेज केव्हाच सुरू झालं असणार. पत्र काही आलं नाही. म्हणजे यादीत नाव नाही. मी मोरीत जाऊन पदराचा बोळा तोंडात घालून रडले. मामंजींना विचारायची लाज वाटली. काय विचारणार? सगळ्या घराला तोरा दाखवून फॉर्म भरला आणि नापास झाले, हे त्यांच्या तोंडून कशाला ऐकायचं? नवऱ्याला सांगितलं, तर ते म्हणाले, "जाऊ दे ना. घरीच बरी आहेस." म्हणजे त्यांच्या दृष्टीनं प्रश्नच मिटला.

मी पुन्हा पाटावर बसले. आता तर जायचंही कुठं नव्हतं. कुंपणाचे खांब कापले. अगदी मला वाटलं होतं तसेच.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. ओसरीवरचं टेबल उचलून आतल्या खोलीत देवीपुढं नेलं. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं सासूबाईंनी आणि मी केलं. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायकांची ही रीघ लागली. देवीकडं एकदा हात जोडायचे, की सगळ्या टेबलाभोवती. "माय वं, गंज पाह्य! खरा वाटते!" "कापूस कसा उडून राह्यला!" मामंजी गाडीला चावी देववून घेत होते, गाडी जिनीपाशी थांबत होती, आणि म्हातारा लहान पोरासारखा सगळ्यांकडं पाहत होता. मला पण बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात कन्याशाळेच्या मोठ्या बाई आल्या. मी कुंकू लावलं, ओटी भरली. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अगं, तू इथं कशी? गेली नाहीस?"

"कुठं?"

"बुलढाण्याला. माझ्या विद्यार्थिनीला सोडायला गेले होते, तर फळ्यावरच्या यादीत तुझं नाव मी स्वतः वाचलं. पत्र नाही आलं?"

हातातली कुंकवाची कोयरी मी खाली ठेवली. "आलं असेल," मी म्हटलं. बाई चमकल्या आणि निघून गेल्या.

बायका गेल्या, सासूबाई आरतीची तयारी करायला आत गेल्या. मी मामंजींसमोर उभी राहिले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या डोक्यावर पदर नव्हता.

"पत्र आलं होतं?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं. "हो. आलं होतं."

"कुठं आहे?"

त्यांनी थरथरत्या बोटानं प्रेसघराकडं दाखवलं. जिनीतल्या रुईच्या गाठी दाबतात ती उंच इमारत. विलायती गिरणीची आम्ही केलेली. बाकी सगळ्या इमारतींची छतं उचलता येत होती, एवढं एक छत पक्कं होतं. आषाढात एका सकाळी ते म्हणाले होते, हे चिकटवून टाक, आत झुरळं जातात. मी दोन थर खळ लावून, वर पाट ठेवून चिकटवलं होतं. माझ्या हातांनी.

मी विळीनं छत उचकटलं. आत तपकिरी पाकीट, चार घड्या केलेलं. पंधरा दिवसांत हजर व्हावे, असं लिहिलं होतं. ती तारीख उलटून दीड महिना झाला होता.

"मामंजी, तुम्ही माझं वाटोळं केलं," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं, की आत सासूबाईंचं भांडं थांबलं.

"हो," ते म्हणाले. "केलं. तू गेली असती, त माहे हात गेले असते. इतक्या वर्सानं मले हात भेटले होते." त्यांच्या मांडीवर ते दोन हात नुसते फडफडत होते. "पत्र आलं त्या रोजी म्या ठरोलं होतं, सूनबाईनं इचारलं का देऊन टाकू. खोटं नाही बोलनार. रोज दुपारी वाट पाह्यली. तू त रोज इचारत होती ना. त्या रोजी नाही इचारलं. दुसऱ्या रोजी नाही. तिसऱ्या रोजी म्या आत टाकलं."

त्या दिवशी मी काय करत होते, हे मला लख्ख आठवलं. तव्यात चिंचेचं पाणी ठेवलं होतं आणि काळा रंग सुटायची वाट बघत होते. पोस्टमन आला होता. सायकलची घंटी मी ऐकली होती. मान वर केली नव्हती, कारण पन्हाळाचा गंज जमत आला होता.

"पुढच्या साली जाशील," मामंजी म्हणाले. "म्या सोता सही करतो."

पुढच्या साली माझ्या मांडीवर मुलगी होती. त्याच्या पुढच्या साली मामंजी अंथरुणाला खिळले, आणि दोन्ही वेळा त्यांच्या तोंडात घास माझ्याच हातांनी जायचा. मग सासूबाईंचे डोळे गेले. एक वर्ष हे सुनेच्या बाबतीत एक वर्ष कधीच नसतं. बुलढाण्याचं ट्रेनिंग कॉलेज मी पाहिलं, पण वीस वर्षांनी, मुलीची ट्रंक घेऊन तिला होस्टेलात सोडायला गेले तेव्हा.

तिचा फॉर्म गेला होता, त्या उन्हाळ्यात मी दुपारी घरात पाऊल ठेवलं नाही. भाजी निवडायची ती उंबऱ्यावर, तांदूळ पाखडायचे ते उंबऱ्यावर. मुलगी चिडायची, "आई, लोक हसतात." पोस्टमन नवा होता, तरणा. कोपऱ्यावरूनच हात हलवायचा, "नाही काकू, आज बी नाही." तो वळून दिसेनासा होईपर्यंत मी उभी राहायची. पुढं पुढं तर तो आमची गल्ली चुकवायला लागला. मग मी पायात चप्पल घालून पोस्टात जायची, आणि खिडकीपाशी उभी राहून विचारायची. रोज विचारायची.